पन्नास वेळा उतरून काढा

आमचे तर्जुमा सर बरोबर उत्तरापुढं बाकीचे मास्तर करतात तशी खूण करत नसत. लाल पेन्सिलीनं ते एक उर्दू अक्षर काढत. त्याचं नाव साद. 'सहीह', म्हणजे बरोबर, या शब्दाचं म्हणे ते पहिलं अक्षर. लांबोडकं पोट आणि खाली वळलेली शेपटी, म्हणून आम्ही पोरं त्याला मासा म्हणायचो. वह्या वाटून झाल्या की वर्गात एकच गलका, "तुला किती मासे बे?" "दोन. तुला?" "एक बी न्हाई, माझं तळं आटलं!" सर ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि फळा पुसायला लागत. दुष्काळाच्या त्या सालात आमच्या गावात मासे फक्त इंग्रजीच्या वहीत उरले होते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सरांचं घराणं दिंद्रुडचं, किराणा दुकान चालवणारं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि तोंड उघडलं की उर्दू! नवख्या माणसाला गंमत वाटायची. आमच्या वडिलांच्या पिढीला त्यात नवल नव्हतं. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतूनच होती; शिकला तो उर्दूतून शिकला. सर इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच शिकले. त्यामुळं वाक्याला ते जुमला म्हणत, शब्दाला लफ्ज, चुकीला गलती, परीक्षेला इम्तिहान आणि भाषांतराला तर्जुमा. दिवसातून शंभरदा तर्जुमा. हे नाव त्यांना कुणी ठेवलं देव जाणे, पण हेडमास्तरसुद्धा शिपायाला सांगत, "जा रे, तर्जुमा सरांना बोलव." मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाशी मात्र त्यांचं उभं वैर. रजेचा अर्ज लिहायचा झाला की मला हाक मारत, "ये बेटा, माझी मराठी तपासून दे." मी आपली ऐटीत त्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायची. मॅट्रिकच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो आणि सरांची मराठी तपासणारी मी एकटी, मग ऐट का असू नये?

तर्जुम्याबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. "आधी डोळ्यांनी बघायचं. मग आपल्या बोलीत बोलायचं. मग तर्जुमा. मधली पायरी खाल्ली की जुमला लंगडा झालाच म्हणून समजा." आणि दुसरं, बोट वर करून, "तर्जुमा म्हणजे अमानत हाय. दुसऱ्यानं आपलं बोलणं तुमच्या ओंजळीत ठेवलं. त्यातला एक लफ्ज तुमी गिळला, तर ती चोरी. पैशाची चोरी भरून देता येती. लफ्जाची न्हाई." आम्हाला तेव्हा हे बोलणं फार जड वाटायचं. पोरं मागच्या बाकावर बोट वर करून त्यांची नक्कल करायची.

ते मारत नसत. त्या काळात न मारणारा मास्तर म्हणजे अर्धा वेडाच, असं आमच्या आबांचं मत. सरांची शिक्षा एकच. चुकलेला जुमला खोडायचा, खाली बरोबर लिहायचा आणि "पन्नास वेळा उतरून काढा." प्रत्येक ओळीला आकडा घालायचा, एक ते पन्नास. दुसऱ्या दिवशी सर सगळ्या ओळी खरंच वाचत. एकविसाव्या ओळीत कुणी शब्द खाल्ला असेल तर तिथं बोट ठेवत, "हा कुठं गेलता बे, बाजारला?" सगळं बरोबर असलं तरच पानाखाली मासा. तो मासा मिळाला की चुकीची गोष्ट मिटली, पुन्हा तिचा विषय नाही.

गाइडाचा त्यांना मनस्वी तिटकारा. केजहून कुणी नवं गाइड आणलं की ते उचलून दाराबाहेर ठेवत, वहाणांच्या रांगेत. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नव्हता, तरी सहामाहीला कुठूनसा छापील पेपर आला आणि त्यात निबंध होता, पावसाळ्यातला एक दिवस. झालं! सगळ्या वर्गानं गाइडातला निबंध घडाघडा लिहिला. रस्त्यातून पाणी वाहतंय, मुलं कागदी होड्या सोडतायत, बेडूक आनंदानं गातायत. सरांनी ते पेपर वर्गात आणले आणि एकेकाला उभं करून विचारलं, "होडी कुठं सोडलीस बे?" पोरगं बाकाचा कोपरा खरडायला लागलं. "सांग की. कोणत्या नदीत?" त्यांचा आवाज चढला नाही. "ज्या पोराच्या घरी हात धुवायला पाणी न्हाई, त्यानं होडी सोडली. कावून? गाइडात हाय म्हणून." एकाच्याही पेपरात मासा नव्हता. माझ्याही नाही, आणि मी दिवसभर रडले.

पण ते हसतही. पत्रलेखन शिकवताना नमुना असे, आय ॲम वेल हिअर, म्हणजे मी इथं बरा आहे. वेल म्हणजे विहीर एवढंच ठाऊक असलेल्या एका पोरानं छातीठोक तर्जुमा केला, "मी इथं विहीर आहे आणि आपणही विहीर असाल अशी आशा करतो." सर इतके हसले की चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले. "अरे बे, विहीर असशील तर दोन घागरी पाणी तरी दे की गावाला!" महिनाभर ते त्या पोराला विहीरसाहेब म्हणत होते.

ही गोष्ट मी घरी वहिनीला सांगितली. वहिनी म्हणजे रुक्मिणी, माझ्या भावाची बायको. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, अंगानं नुसती काडी. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण मी इंग्रजी पाठ करायला बसले की भाकरी थापता थापता कान माझ्याकडं. "हिरीला वेल म्हणत्यात व्हय, वन्सं? आन् बरं हाय म्हणायलाबी वेल?" मी म्हटलं, हो. तिनं तोंडात पदर कोंबला. "मंजी हिरीत असलं की माणूस बरंच म्हणायचं की!" आम्ही दोघी इतक्या हसलो की आईनं बाहेरून विचारलं, काय झालंय गं पोरींनो? तेव्हापासून आमचं ते ठरूनच गेलं. मी शाळेतून आले की विचारायची, "वहिनी, कशी आहेस?" आणि ती ठसक्यात म्हणायची, "वेल!"

आता विहिरीचं सांगते. आमची वस्ती गावापासून लांब, माळाच्या अंगाला. वस्तीला एकच विहीर, सात पुरुष खोल, निम्मी दगडानं बांधलेली आणि खाली नुसती माती-मुरूम. त्या साली माघातच तिचा तळ दिसला. पोहरा सोडला तर तो बुडायचा नाही, आडवा पडायचा. मग वस्तीतल्या बायकांनी एक रीत पाडली. अंगानं हलकी असेल तिला कमरेला दोर बांधून खाली सोडायचं. तिनं तळातल्या झऱ्याशी बसून वाटीनं पाणी भरायचं, घागर भरली की हाक द्यायची, आणि वरच्यांनी ओढायची. हलकी कोण? आमची वहिनी. बापे माणसं दुष्काळी कामावर, खडी फोडायला. वर दोराला आई, मी आणि आणखी दोघी. एक घागर भरायला तास जायचा. वहिनी खालून गाणी म्हणायची, आम्हाला धीर यावा म्हणून.

होडीवाल्या निबंधानंतर सरांनी नवा विषय दिला. गाइडात नसलेला. "काल तुमच्या घरी पाणी कुठून आलं? दहा जुमले. जे बघितलं तेवढंच." मी लिहिलं. चौथ्या वाक्याला अडले. वहिनी विहिरीत उतरते. उतरणे म्हणजे गेट डाउन, हे मला माहीत होतं, तेच लिहिलं. सरांनी दुसऱ्या दिवशी ते वाक्य फळ्यावर घेतलं आणि अख्खा तास त्या एका शब्दावर घालवला. "बघा, आपला लफ्ज किती मालदार हाय. गाडीतून उतरतो. ताप उतरतो. तोंड उतरतं. पूर उतरतो. फळ्यावरचं उतरून घेतो. इंग्रजीत ह्या प्रत्येकाला येगळा लफ्ज. गेट डाउन म्हणजे एसटीतून उतरणं. हिची वहिनी एसटीतून न्हाई उतरत." मग माझ्याकडं वळून, "हातपाय लावून उतरती का?" मी म्हटलं, हो, दगडाच्या खोबणीत पाय घालत घालत. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, क्लाइंब डाउन इन्टू द वेल. आणि लगेच एका पोराला टोकलं, त्यानं ड्रॉ लिहिलं होतं म्हणून. "ड्रॉ म्हणजे शेंदणं. वर उभं राहून दोरानं. शेंदणं येगळं, उतरणं येगळं. दोन्हीत एका माणसाचा फरक हाय." मी ते वाक्य पन्नास वेळा उतरून काढलं आणि मला मासा मिळाला. माझ्या सगळ्या शाळेतला तो सगळ्यात मोठा मासा.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. रविवारी छत्री घेऊन वस्तीवर आले. विहिरीच्या काठाशी वाकून बराच वेळ खाली बघत राहिले. वहिनी खाली होती. ती वर आली तेव्हा चिखलानं माखलेली, गुडघे सोललेले. सर तिला म्हणाले, "बेटा, तुला भीती वाटत न्हाई?" वहिनी लाजून म्हणाली, "वरच्यांनी दोर सोडला न्हाई म्हंजी झालं." सरांनी आमच्या घरी पाणी घेतलं नाही. आईनं तांब्या पुढं केला तर हात जोडले आणि उन्हात तसेच परत गेले. हे मी मुद्दाम सांगते. त्यांना माहीत नव्हतं असं पुढं कुणी म्हणू नये.

चेअरमनसाहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या भागात तेव्हा सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची, शाळेची संस्था त्यांची, आणि होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे मुख्य प्रवर्तकही तेच. कारखाना अजून कागदावर होता, पण त्याच्यासाठी उसाचं बेणं तयार करायला त्यांनी आपल्या रानात बेणेमळा धरला होता. माणूस वाईट नव्हता, असं लोक म्हणायचे. अजूनही म्हणतात. सरांचं शिक्षण उर्दूतलं, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जुन्या राज्यातलं, त्यामुळं त्यांची नोकरी दर जूनमध्ये नव्यानं मंजूर करून घ्यावी लागे आणि त्या कागदावर सही चेअरमनसाहेबांची. दिंद्रुडला सरांची दम्यानं खंगलेली बायको आणि लग्नाच्या दोन मुली. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

फाल्गुनात बातमी आली की परदेशातल्या कुठल्याशा मदत संस्थेचा गोरा साहेब येणार आणि त्याच्याजवळ बोअर पाडायचं मशीन आहे. आमच्या गावाला एकच बोअर मिळणार होता. कुठं पाडायचा, हे तो स्वतः बघून आणि लोकांशी बोलून ठरवणार होता. वस्तीवर नुसता आनंद! आईनं देवीला नारळ बोलला. वहिनी मला म्हणाली, "मशीन आलं की मी पयल्यांदा काय करीन सांगू? डोक्यावरनं आंघोळ." साहेबाबरोबर जीपमध्ये आलेल्या माणसाला मराठी येत नव्हतं. मग इंग्रजी जाणणारा गावात कोण? चेअरमनसाहेब हसत हसत म्हणाले म्हणे, "सर, तुमचं इंग्रजी आमच्या कामी यायचा दिवस उजाडला बघा."

शाळेच्या मैदानात सभा भरली. सकाळची वेळ. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर पाण्यानं भरलेला काचेचा जग, आणि सगळं गाव त्या जगाकडं बघत बसलेलं. साहेब तरुण होता, उन्हानं लाल झालेला. त्यानं विचारलं, माळाकडच्या वस्तीतलं कुणी आलंय का? तुम्हाला पाणी कुठून मिळतं? सरांनी मराठीत सांगितलं आणि बायकांतून आमची आई उभी राहिली. ती जन्मात कधी सभेत बोलली नव्हती. पदर दातात धरून ती म्हणाली, "साहेब, शेंदायला पाणीच न्हाई वो. पोहरा बुडत न्हाई. आमची सून हिरीत उतरती, वाटीनं भरती, मग आमी घागर वढतो. दरड ढिली झालीया. मला तिची लई काळजी वाटतीया."

सगळे सरांकडं बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेजारी चेअरमनसाहेब बसले होते. त्यांनी नुसता आपला हात सरांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. आणि सर बोलले. मी तिसऱ्या रांगेत होते. प्रत्येक शब्द मला ऐकू आला आणि प्रत्येक शब्द कळला. दे ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल. त्या विहिरीतून पाणी शेंदतात. एवढंच. साहेबानं विचारलं, म्हणजे विहिरीला पाणी आहे? सर म्हणाले, येस, सर. साहेबानं वहीत काहीतरी टिपलं.

उभ्या गावात ती चोरी कळलेलं माणूस मी एकटी होते, कारण शेंदणं आणि उतरणं यांतला फरक पन्नास वेळा उतरून काढलेली मी एकटीच. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजर चुकवली असती तर बरं झालं असतं, पण नाही, सरळ माझ्याकडं पाहिलं आणि पाहतच राहिले. मग साहेब पुढच्या माणसाकडं वळला आणि ते संपलं. आई खाली बसली. तिचं तोंड उजळलं होतं. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "कसं झ्याक सांगितलं गं मास्तरनं! गोरा मान हलवत होता." सभा उठल्यावर तिनं गर्दीतून वाट काढत जाऊन सरांना हात जोडले. सरांनीही जोडले.

मशीन बेणेमळ्यात गेलं. कारखाना झाला तर साऱ्या तालुक्याचं कल्याण, मग बेणं आधी जगलं पाहिजे, असं सांगितलं गेलं आणि लोकांना ते पटलंही. दोन दिवस त्याची धडधड आमच्या वस्तीवर ऐकू येत होती. वहिनी म्हणाली, "कुठंतरी लागंना पाणी." आणि कमरेला दोर बांधला. मी तिला त्या संध्याकाळी विचारलं नाही कशी आहेस म्हणून.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी, दुपारच्या पहिल्याच तासाला, इंग्रजीच्याच, वस्तीवरचा एक म्हातारा शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. धाप लागलेली. "हिरीची दरड बसली," एवढंच म्हणाला. वर्ग उठून पळाला. सर सगळ्यांच्या पुढं होते. अनवाणी. वहाणा दाराशीच राहिल्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा विहिरीतून नुसती धूळ वर येत होती आणि आईच्या हातात तुटका दोर होता. माणसांनी दिवस मावळेपर्यंत माती उपसली तेव्हा वहिनी सापडली. सरांनीही उपसली. मास्तरानं मातीची पाटी उचललेली गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तिला वर आणून ठेवलं. आई रडत नव्हती. तिनं आजूबाजूला बघितलं, तिला सर दिसले आणि ती त्यांच्याकडं गेली. अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "सर, तुमी तर सांगितलं व्हतं की वो त्याला. मग कावून न्हाई आलं मशीन?" सर होते तिथंच खाली बसले, मातीत. ज्या माणसाला तीन भाषा येत होत्या त्याला त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर एकाही भाषेत देता आलं नाही. आईला वाटलं मास्तरांनाही दुःख झालं. तिनंच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मी आईला काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि तिच्या मरेपर्यंत नाही. दादाला कळलं असतं तर त्यानं सरांचा मुडदा पाडला असता. म्हणून गप्प राहिले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

सरांची नोकरी जूनमध्ये मंजूर झाली. त्यानंतरचे सर मी बघितले नाहीत, ऐकले. माझ्या मागून शिकलेली पोरं सांगायची, आमचे इंग्रजीचे सर फार चांगले, फार काही विचारत नाहीत. खुर्चीत बसून गाइडातला निबंध वाचून दाखवतात आणि म्हणतात, "उतरून घ्या." तर्जुमा? नाही बुवा, तसलं काही शिकवत नाहीत. सरांना तर्जुमा सर का म्हणतात हेसुद्धा त्या पोरांना माहीत नव्हतं. वहीवर काय खूण करतात विचारलं तर म्हणाली, नुसती सही.

मी मॅट्रिक झाले, डीएड केलं, नांदूरघाटला नोकरीला लागले, पुढं इंग्रजीच शिकवायला लागले. एकदा केजच्या एसटी स्टँडवर सर समोर आले. केस पांढरे, विभूती मात्र तशीच. त्यांनीच ओळखलं. "बेटा, इंग्रजी शिकवतेस म्हणे." मी म्हटलं, हो. "तर्जुमा शिकवतेस?" मी म्हटलं, "शिकवते. खरा." शब्द मुद्दाम मारला होता आणि तो लागला. त्यांनी मान हलवली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. माझी गाडी लागली होती. मी वाकले नाही, पाया पडले नाही, चढून खिडकीशी बसले आणि दुसरीकडं बघत राहिले. गाडी हलली तेव्हा ते तिथंच उभे होते. ज्यांनी मला वाचा दिली त्या माणसाशी माझं शेवटचं बोलणं ते. आज आठवलं की लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू, तेव्हा बरं वाटलं होतं.

सर गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं, तेही सरांच्या धाकट्या भावाचा निरोप आला म्हणून. दिंद्रुडला त्यांच्या दुकानात गेले. म्हातारे गृहस्थ, गल्ल्यावर बसलेले. त्यांनी फळीवरून सुतळीनं बांधलेला वह्यांचा गठ्ठा काढला. "पुड्या बांधायला काढलतो ह्या. पण वरच्या वहीवर तुमचं नाव दिसलं, म्हनलं विचारावं. अण्णा रोज सकाळी अंघोळ, लिंगपूजा झाली की ह्यात लिवत बसायचे. शेवटाला उजवा हात गेला तर डाव्यानं. आमाला वाटायचं, जप लिवतेत."

वरची वही माझीच होती, मॅट्रिकची; दरड बसली त्या दिवशी ती सरांच्या टेबलावर राहिली आणि मी परत मागितलीच नव्हती. दहा वाक्यं, पन्नास ओळी, आणि तो मोठा मासा. तिच्याखाली सरांच्या वह्या. मी पहिली उघडली. वर कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात 'गलती'. खाली एक जुमला लिहून खोडलेला, दे ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल. आणि त्याच्याखाली, ओळीला आकडा घालून, दे क्लाइंब डाउन इन्टू द वेल. एक. दोन. तीन. पन्नासपर्यंत. पान उलटलं तर पुन्हा एकपासून पन्नास. पुढं तेच. दुसऱ्या वहीत तेच, तिसऱ्या वहीत तेच. अक्षर आधी सुबक, मग कापरं, मग डाव्या हाताचं, लहान पोरानं काढल्यासारखं. एकही शब्द कुठं खाल्लेला नव्हता. मी सगळ्या ओळी वाचल्या, त्यांनी आमच्या वाचल्या असत्या तशाच. आणि एकाही पानाखाली मासा नव्हता.

वह्या घरी आणल्या आणि दुपारी ओसरीवर बसून लाल पेन काढलं. सारी उमर ज्या हातानं पोरांच्या वह्या तपासल्या त्या हातानं सरांना एक मासा द्यावा, एवढंच मनात होतं. टोक कागदाला टेकवलं आणि अडकले. मी कोण देणार? त्या दिवशी मैदानात ते माझ्याकडं पाहत राहिले होते. धमकी म्हणून नव्हे. वाट बघत होते. तो जुमला मलाही येत होता. पन्नास वेळा उतरून काढलेला होता. नुसतं उभं राहून मोठ्यानं म्हणायचा होता, सहा शब्द, आणि चेअरमनसाहेबांचा हात माझ्या खुर्चीवर नव्हता. वर दोर धरणारी मीही होते, आणि दोर मीही सोडला.

शेवटच्या वहीची काही पानं कोरी आहेत. मी लाल पेन ठेवलं, निळं घेतलं, कोऱ्या पानावर एकचा आकडा टाकला आणि उतरून काढायला लागले.